एका घमेल्याला एक करवंटी

आमच्या कामण गावातल्या घराला एक वास होता. ओल्या शेणाचा तर होताच, पण त्याच्या आत आणखी एक होता. कुबट, जरासा गोडसर, नाकात वर जाऊन बसणारा. मी वसईच्या कॉलेजातून एसटीनं परत यायचे तेव्हा शनिवारी तो वास अंगणातच भेटायचा आणि मला बरं वाटायचं. आईनं सारवलंय, घर स्वच्छ आहे, उद्या रविवार आहे. कितीतरी वर्षं स्वच्छ घराचा वास म्हणजे तोच, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तो वास घरात मी आणला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. त्याचा नेमका अर्थ काय लावायचा, ते आजही मला कळलेलं नाही.

घर मातीचं होतं, वर कौलं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागच्या भिंतीला लागून शेळ्यांचा गोठा. बाबा रस्त्यावरच्या गोदामांत माल चढवायला-उतरवायला जायचे. आई लावणी-कापणीला लोकांच्या शेतावर जायची, एरवी शेळ्या आणि घर. मी एकटीच मुलगी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आई तर शाळेतच गेलेली नव्हती. तरी बारावीनंतर मी बीएस्सीच करणार म्हटल्यावर बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "एसटी येलेवर मिलेल ना तुला?" झाली आमची चर्चा. आजूबाजूच्या घरांत माझ्या वयाच्या मुलींची लग्नं होत होती. आईबाबांना लोक काय काय म्हणत असतील, ते त्यांनी माझ्यापर्यंत कधी येऊ दिलं नाही. त्यांचे उपकार, हा शब्द मी लिहिला तर तो फार छोटा वाटतो, म्हणून पुढे जाते.

आई मला घरकामाला हात लावू द्यायची नाही. विशेषतः सारवायला. मी घमेल्याजवळ गेले की म्हणायची, "तू तिकडं बस गो. माझ्या हाताला शेनाचा वास हायेच. तुझ्या हाताला पेनाचा येऊ दे."

बसायचं ते जमिनीवरच. आणि जमिनीत पिसवा होत्या.

शेळ्या होत्या म्हणजे पिसवा असणारच. उन्हाळ्यात, नेमक्या परीक्षेच्या दिवसांत, त्या फार वाढायच्या. मी एका हातानं लिहायचे आणि दुसऱ्या हातानं घोटे खाजवायचे. घोट्यांवर लाल पुरळाच्या रांगा उठायच्या. आईनं कडुलिंबाचा पाला पसरून पाहिला, राख टाकून पाहिली. शेवटी बाबांनी गोदामातून एका पिशवीत करड्या रंगाची, कुबट-गोडसर वासाची पावडर आणली. तिथे पोत्यांच्या थप्प्यांखाली कीड लागू नये म्हणून ती मारायचे. आईनं ती कोपऱ्यांत टाकली. दोन दिवस पिसवा कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी केरसुणीबरोबर पावडर बाहेर गेली आणि पिसवा परत आल्या.

तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, रसायनशास्त्र घेऊन. मला वाटलं, हा प्रश्न तर आपल्याच विषयातला आहे. पावडर सुटी आहे म्हणून टिकत नाही. तिला कशात तरी बांधलं पाहिजे. ती शेणात कालवली आणि त्या शेणानं सारवलं, तर सारवण वाळल्यावर पावडर जमिनीतच राहील आणि केरसुणीला येणार नाही. वहीच्या मागच्या पानावर मी जमिनीचा चौकोन आणि त्यात पावडरीचे ठिपके काढून आईला समजावून सांगितलं. आईला चौकोन कळला नाही, पण तिला माझं बोलणं ऐकायला आवडायचं.

मी अगदीच बेफिकीर होते, असंही नाही. ते मला इथे लिहिलं पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. मी बाबांना म्हणाले, नुसती पावडर नको, तिच्या पोत्यावरचा कागदही आणा. त्यांनी अर्धा फाटलेला कागद आणला. इंग्रजी होता. बाबा ओट्यावर बसले, आई दारात उभी राहिली, आणि मी वाचून दाखवायला लागले. खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका. त्वचेला लागू देऊ नका. वापरताना हातमोजे घाला.

"हातमोजे?" बाबा हसायला लागले. "आमी उघड्या पाठीवर पोती वाहतो. त्या वाचमनला सांगतो उद्या, शेठकडून हातमोजे आन आमच्यासाठी."

आई म्हणाली, "हातमोजे घालून सारवतात काय? हाताला कलायला नको, कुठं जाड झालं, कुठं पातल झालं?"

"पण लिहिलंय, आई."

"लिवलंय ते गोदामासाठी लिवलंय. घरासाठी लिवलंय काय?"

मी कागद परत पाहिला. घरासाठी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कागदाचा खालचा अर्धा भागही नव्हता. मी म्हणाले, मग सारवून झाल्यावर हात साबणानं धू. आई म्हणाली, ते काय मी धूत नाय? आणि विषय तिथे संपला. मी वाचलं होतं. मी सांगितलंही होतं. आणि मग मी माझ्या परीक्षेकडे वळले.

प्रमाण मीच ठरवलं. कमी घातली तर परिणाम होणार नाही, जास्त घातली तर वाया जाईल, म्हणून एका घमेल्याला एक करवंटी. नारळाची एक अर्धी करवंटी आईनं त्यासाठी वेगळी काढली, तिला बाहेरून चुन्याचं बोट लावलं, आणि ती गोठ्याच्या खुंटीला टांगली.

पिसवा खरंच गेल्या. पंधरा दिवसांत एकही राहिली नाही. मी त्या वर्षी मांडी घालून, घोटे न खाजवता पेपरची तयारी केली. आईला तर काय करू नि काय नको असं झालं. ती विहिरीवर सांगून आली. मग शेजारची काकी आली. काकी म्हणजे आमच्या बांधापलीकडच्या घरातली, आईपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, जिभेला धार असलेली.

"ही मास्तरीनबाय आमालाबी देल काय थोडी अक्कल?" काकी म्हणाली. "का फकस्त कालेजातच वाटते?"

मी तिलाही प्रमाण सांगितलं. एका घमेल्याला एक करवंटी. काकीनं ते आणखी दोन घरांत सांगितलं. बाबांच्या पिशवीतली पावडर चार घरांत जायला लागली. गोदामात फुटलेल्या पोत्यातून ती सांडायची, झाडून टाकायचीच असायची, कुणी काही म्हणायचं नाही. आमच्या आळीत त्या सारवणाला मास्तरीनबायचं सारवण असंच नाव पडलं. मी अजून मास्तरीण झालेही नव्हते.

पुढे झाले. वसईतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पहिल्या दिवशी आई माझ्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत आली होती, चपला धुऊन. आत आली नाही. म्हणाली, मी हितंच थांबते, तू जा. सुट्टी झाली तेव्हा ती तिथेच होती, समोरच्या दुकानाच्या पायरीवर. मग माझं लग्न झालं. नवऱ्याची नोकरी मुंबईला, आमचं घर वसईत, फरशीचं. मी शनिवार-रविवार कामणला जायचे, कधी महिन्यातून एकदाच. आईचं सारवण चालूच होतं. शेळ्या कमी होत गेल्या, शेवटी एकच राहिली, पण शनिवारचं घमेलं आणि करवंटी चालूच होती. मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. उलट तो वास आला की मी अजूनही घरी आल्यासारखी व्हायचे.

आईचे पाय सुजायला लागले ते माझ्या लग्नानंतर चार-पाच वर्षांनी. आधी आम्ही म्हणालो, उभं राहून काम करते म्हणून. मग सकाळी उठल्यावर तिचं तोंड सुजलेलं दिसायला लागलं, डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं. एकदा तिनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "लघवीला फेस येतो गो. साबनाच्या पान्यासारखा." हे बोलायला तिला किती जड गेलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी विज्ञान शिकवते. उत्सर्जन संस्थेचा धडा मी दरवर्षी शिकवत होते. फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढायचे, रंगीत खडूनं, आणि मुलांना सांगायचे की ही आपल्या शरीराची गाळणी. तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात तो धडा आला नाही. मी आईला म्हणाले, पाणी कमी पितेस तू.

गावच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो फार वाढलेला होता. त्यांनी रक्त तपासायला लावलं. अहवाल हातात आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला. मग मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, किडनीच्या ओपीडीत जायला चिठ्ठी दिली.

तिथल्या डॉक्टर वयानं माझ्यापेक्षाही लहान असतील. समोर माणसांचा ढीग होता, तरी त्यांनी आईशी नीट बोलायला वेळ काढला. सोनोग्राफी पाहून त्या मला म्हणाल्या, दोन्ही किडन्या आकारानं लहान झाल्यात, हे काही महिन्यांचं दुखणं नाही, वर्षांचं आहे. जे गेलंय ते परत येणार नाही, पण जे राहिलंय ते जितके दिवस टिकवता येईल तितकं टिकवायचं. नाहीतर पुढे डायलिसिस. म्हणून त्यांना कारणं शोधायची होती, जी थांबवता येतील ती. त्यांनी एकामागून एक विचारलं. साखर आहे का? नाही. गुडघ्यांसाठी गोळ्या घेतात का? आई म्हणाली, घेते, लाल गोली, दुकानातली. किती वर्षं? आईनं माझ्याकडे पाहिलं. लई वर्सं. डॉक्टरांनी लिहिलं. झाडपाल्याचं औषध? नाही. शेतात फवारणी? मी म्हणाले, आमचं शेत नाही. घरात कीटकनाशक वगैरे?

"डासांची कॉइल लावतो," मी म्हणाले.

"ती सगळेच लावतात," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी काही?"

"नाही," मी म्हणाले.

मी खोटं बोलले का? मला खरंच आठवत नाही की त्या क्षणी मला करवंटी आठवली होती की नव्हती. मी हे स्वतःला कितीतरी वेळा विचारलंय. कधी वाटतं, नव्हती आठवली, कारण माझ्या मनात ते कीटकनाशक नव्हतंच, ते सारवण होतं. ते आईचं शनिवारचं काम होतं. कधी वाटतं, आठवली होती, आणि म्हणूनच मी घाईघाईनं कॉइल पुढे केली. आई शेजारी बसली होती. तिला प्रश्न कळला नसावा. किंवा कळला असेल आणि तिनं माझ्या तोंडाकडे पाहून गप्प राहायचं ठरवलं असेल. तेही मी तिला कधी विचारलं नाही.

परत येताना, वसईला उतरून आम्ही कामणच्या एसटीसाठी उभ्या होतो, तेव्हा आईनं पदरानं हात पुसले. तिच्या तळहातांची कातडी मला दिसली. गुळगुळीत, ताणल्यासारखी, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेली. मी म्हणाले, "आई, हातांना काय झालंय?"

"काय होयचंय? सारवनाचे हात हायत."

तेव्हा मात्र करवंटी आठवली. त्याबद्दल शंका नाही.

पुढची तारीख महिन्यानं होती. त्या महिन्यात मी काय करायचं ते मला कळत नव्हतं. आईला सांगायचं, की पावडर बंद कर? का, म्हणून ती विचारणार. मग मला सांगावं लागणार, की कदाचित तीच कारण असेल, आणि ती कल्पना माझी होती. दुसरीकडे मला असंही वाटत होतं, की मी उगाच स्वतःला मोठं करतेय. काकीही तेच सारवण करत होती, तितकीच वर्षं. काकीचे पाय ठणठणीत होते. बाबा तर त्या पावडरीत रोज उभे राहत होते, त्यांना काही नव्हतं. मीही त्याच जमिनीवर झोपले होते. मी गुपचूप वसईत माझं रक्त आणि लघवी तपासून घेतली. सगळं ठीक निघालं. अहवाल पाहून आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, कुणाचा ते समजलं नाही.

दुसऱ्या शनिवारी मी न सांगता कामणला गेले. आई सुजलेल्या पायांवर उकिडवी बसून सारवत होती. शेजारी घमेलं, घमेल्यात करवंटी. तोच वास. पहिल्यांदा मला तो वास आवडला नाही, आणि आवडला नाही याचंही वाईट वाटलं.

"आई, ऊठ तिथून."

"एवढा कोपरा राह्यलाय."

"राहू दे. त्यात ती पावडर आहे ना?"

"मंग? एका घमेल्याला एक करवंटी," ती म्हणाली, पाठ म्हणून दाखवावं तशी. "कंदी जास्त घातली नाय. तू सांगितलंय तेवढीच."

मी ओट्यावर बसले. आणि तिथेच, तिचे हात शेणात असताना, सांगून टाकलं. की ही पावडर हातांतून अंगात जाते. अंगात गेलेली घाण किडनीला गाळावी लागते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. आणि हे सगळं मी शिकवलेलं आहे.

आईनं बोटांवरचं शेण घमेल्याच्या काठाला निपटलं. मग म्हणाली, "पिसवा मेल्या का नाय?"

"मेल्या."

"तू पास झालीस का नाय?"

"आई, त्याचा काय संबंध?"

"मंग पावडर चांगलीच हाय," ती म्हणाली. "किडनी त्या लाल गोलीनं गेली. डाक्टरीनबायनं गोलीचं इचारलं ना? मी ऐकलंय. तू उगाच आपल्या अंगावर घेऊ नको."

मला हवं होतं की तिनं चिडावं. तिनं मला दोन शब्द बोलावेत, म्हणजे मला कुठेतरी उभं राहता आलं असतं. पण तिच्या लेखी तिची मुलगी वाचून सांगते ते चुकीचं असूच शकत नव्हतं. आता तीच मुलगी म्हणत होती की चुकलं, तर हे तरी खरं कसं धरायचं? तिचाही गोंधळ माझ्याइतकाच असला पाहिजे. तिनं तो कोपरा पूर्ण केला. मग हात धुतले, साबणानं, दोनदा, मला दिसेल असे.

पुढच्या तारखेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कागदावर लिहूनच नेलं होतं. किती वर्षं, किती वेळा, एका घमेल्याला किती. त्यांनी कागद वाचला, आईचे हात उलटसुलट करून पाहिले. रागावल्या नाहीत. पावडर आजच्या आज बंद, म्हणाल्या, आणि लाल गोळीसुद्धा बंद, मीठ कमी, रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

"पण मॅडम, हे त्यामुळेच झालं का?" मी विचारलं.

"मी तसं सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "अशी किडीची औषधं वर्षानुवर्षं अंगात गेली तर किडनीला त्रास होऊ शकतो, अशी शंका आहे. पण यांना रक्तदाब आहे, गोळ्याही आहेत. रक्तदाब आधी की किडनी आधी, तेही आता सांगता येणार नाही. किडनीकडे बघून कुणी कारणाचं नाव वाचू शकत नाही."

"म्हणजे त्यामुळे नसेलही?"

"नसेलही. असेलही. तुम्ही शिक्षिका आहात ना? मग मी खात्रीनं सांगितलं तर ते खोटं असेल, हे तुम्हाला कळेल."

मला कळलं. कळून काही उपयोग झाला नाही.

घरी एवढं झाल्यावर प्रश्न आला तो जमिनीचा. नुसती पुढची पावडर बंद करून काय होणार? दहा-बारा वर्षांचे थर होते. माझ्याच चौकोनाप्रमाणे ती पावडर जमिनीत बांधलेली होती. मी आईला पंधरा दिवस वसईला आणलं. बाबांनी आणि माझ्या नवऱ्यानं तोंडाला फडकी बांधून घरातली वरची वीतभर माती खणून काढली, नवा मुरूम टाकला, पाणी मारून चोपला. दोघांनी हातात मोजे घातले होते. ते मी वसईहून विकत नेले होते. बाबा ते घालून बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले, हसले नाहीत. उरलेल्या पावडरीचं काय करायचं ते कुणालाच कळेना. पुरली तर विहीर जवळ, जाळली तर धूर. शेवटी बाबा ती पिशवी गोदामात परत घेऊन गेले. वॉचमन म्हणाला म्हणे, ठेवा तिकडे, इथे काय कमी आहे?

मी काकीकडे आणि इतर घरांतही गेले. हे काम मला सगळ्यात जड गेलं. काकी तांदूळ निवडत बसली होती, सुपातून वर न बघता म्हणाली, "आनायला पन तूच, न्यायला पन तूच. मास्तरीनबाय, आता दहा वर्सांनी काय सांगशील, पानी पिऊ नका?"

"काकी, मला तेव्हा माहीत नव्हतं."

"आन आता माहीत हाय?"

मी म्हणाले, "नक्की नाही."

काकीनं तेव्हा वर पाहिलं. "मंग बंद कशाला करू?"

"आईकडे बघून कर," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. काकी परत निवडायला लागली. पण तिच्या गोठ्यातली करवंटी पुढच्या वेळी दिसली नाही. तिनं टाकली की लपवली, देव जाणे.

वसईच्या त्या पंधरा दिवसांत आई फरशीवर चटई टाकून झोपायची आणि सकाळी म्हणायची, जमीन थंड लागते, मुकी लागते. अळणी भाजीकडे बघून बोंबलाची आठवण काढायची. तिसऱ्या महिन्यात तिचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं न गाळलेल्या कचऱ्याचं रक्तातलं माप, थोडं खाली आलं. आम्ही सगळे फार खूश झालो. डॉक्टर म्हणाल्या, छान, असंच ठेवा. मग मी घरी येऊन विचार करायला लागले, की हे कशामुळे? पावडर बंद केली म्हणून? गोळी बंद केली म्हणून? मीठ? रक्तदाबाचं औषध? मी वर्गात मुलांना सांगते, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर उत्तर कशाचं ते कळत नाही. आम्ही चार गोष्टी एका दिवशी बदलल्या होत्या. दुसरं करणार तरी काय? पण त्यामुळे माझं उत्तर कायमचं गेलं. आईची तब्येत जितकी टिकली तितकी मला जास्त शंका यायला लागली, की दोष पावडरीचा नसेलही, आणि शंका आली की आधी आनंद व्हायचा आणि मग लाज वाटायची.

आई कामणला परत गेली तेव्हा नव्या जमिनीचं पहिलं सारवण मी केलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं ओट्यावर बसून मला शिकवलं. नुसतं शेण आणि पाणी.

"पातल झालं. अजून घाल. हात असा नाय, असा, चंद्रकोरीवानी. घाई कराची नाय. पेपर लिवतेस काय?"

माझे अर्धगोल एकमेकांत घुसत होते. कोपरे सुटत होते. तिला हसू येत होतं. शेवटी तिला राहवलं नाही, ती खाली उतरली आणि माझ्या मनगटाला धरून हात फिरवायला लागली. मी तिला थांबवणार होते. मग लक्षात आलं, आता यात शेणाशिवाय काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी शाळेला सुट्टी लागल्यावर गेले. आई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पाय सुजलेले नव्हते, किंवा थोडेसेच. तिनं लुगडं घोट्यापासून वर ओढलं आणि मला दाखवलं. लाल पुरळाची एक रांग, घोट्याभोवती.

"बघ," ती म्हणाली. "आल्या परत. तुझ्या पिसवा."

मी खाली बसले आणि ती रांग जवळून पाहिली. सहा-सात होते, ताजे. म्हणजे आता या जमिनीवर जीव जगतो. एवढी एकच तपासणी मला समजली. आई खाजवत होती. मी तिला खाजवू नको म्हणाले नाही. ती म्हणाली, हसतेस काय, चावतायत मना. मी हसत होते का, मला माहीत नाही.